सुनेने लावलेल्या विटा

भाईंदरच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभ्या रसिकाला मागच्या बाकावरून सासऱ्यांचा आवाज ऐकू आला. दशरथराव शेजारच्या गृहस्थांना सांगत होते.

"छातीत नुसती आग व्हायची. मला वाटलं, हार्टच! निघालं ॲसिड."

"मग आता?"

"आता आराम. डॉक्टरांनी सांगितलेलं मी विसरलो, सुनेने नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या. जेवण सातला, आडवं व्हायचं दहाला. गोळी सकाळी उपाशीपोटी."

"शिकलेली दिसते."

"बारावी नापास. म्हणून लग्नाला मीच नाही म्हणत होतो."

"आणि आज?"

"आज तिला विचारल्याशिवाय वडापावकडे बघत नाही!"

रसिका केसपेपर घेऊन बाकाशी आली, तेवढ्यात दशरथरावांचा नंबर पुकारला.

"रसिका, तूपण आत चल. डॉक्टरांशी तूच बोल."

रसिकाने ओढणी सावरली आणि सासऱ्यांच्या पुढे होऊन दार ढकललं.