बाळांच्या बाकावर

रांग काही हलेना, तेव्हा मांडीवरच्या तान्ह्या लेकीची आई पिशवी खांद्याला लावून उठायच्या बेतात होती. लस काय, पुढच्या महिन्यातही टोचता येईल. तेवढ्यात शेजारी मास्क लावलेला चाळिशीचा गृहस्थ आणि त्याची थोरली बहीण येऊन टेकले.

"ताई, सगळे माझ्याकडे बघतायत."

"बाळ कुठंय ते शोधत असतील."

"माझ्या लहानपणी सगळ्या लशी झाल्या होत्या ना?"

"त्या कॅन्सरच्या औषधांनी पुसून टाकल्या. आता तुझ्या अंगात माझा बोनमॅरो आहे. त्याला पहिलीपासून शिकवायचं."

"तुझं मांजराचं वावडं मात्र नेमकं लक्षात ठेवलंय त्याने. काल मनीला मांडीवर घेतलं आणि शिंकून शिंकून जीव नकोसा झाला."

"मी शिंकायचे तेव्हा म्हणायचास, नाटकं करते."

"आता कळलं. गोवराची पण आजच देतील?"

"ती तुला अजून वर्षभर तरी चालणार नाही."

"आणि तोवर गोवर आला तर?"

"तो आपला आपण येत नाही रे. कुणाच्या तरी पोराकडून येतो."

त्याने मास्क नाकावर नीट ओढून घेतला.

"गोवराची कोणाची राहिलीय?" नर्सने दारातून विचारलं.

लेकीच्या आईने खांद्यावरची पिशवी काढून बाकाखाली सरकवली.

"हिची."