कललेलं शीड

(काशीद, १९६१. नारळी पुनवेला दोन दिवस आहेत. हरेश्वर अंगणात जाळं सांधतोय. चंद्राबाई सुकटीच्या खोलीचं पत्र्याचं दार रंगवतेय. समोर दत्तात्रेय, हवाई दलातून सुटलेला फिटर, हातात वही.)

चंद्राबाई : हात नका लावू. ओला हाय.

दत्तात्रेय : मावशी, अहो थांबा! सगळ्या दारावर निळा फासलात? नंबर कुठं गेला?

चंद्राबाई : खाली गेला. दर सालाला जातो. रंग वाळला का पुन्हा काढते.

दत्तात्रेय : मी अलिबागहून सकाळपासून चालत, बैलगाडीतून, पुन्हा चालत आलोय. एक तास आधी पोचलो असतो तर...

हरेश्वर : एक तास आधी ती भांडत व्हती. ऐकाया मिळालं असतं.

चंद्राबाई : तुमी गप ऱ्हावा. भाऊ, सरकारातून आलात? आधीच सांगते, दार देनार न्हाय. सुकट ठेवायला दुसरं दार न्हाय. मांजरी टपलेल्या असतात.

दत्तात्रेय : दार नको मला. सरकारचाही नाही मी आता. हे विमानाचं शेपूट आहे, एवढंच कळलं, म्हणून आलो.

हरेश्वर : ते आमाला बी ठावं हाय. सहा सालांमागं डोलीच्या जाळ्यात आलं. मला वाटलं मोठी मुशी घावली. जाळं वढता वढता चौघांच्या कंबरा गेल्या.

दत्तात्रेय : पंचावन्न साली आमची अकरा विमानं रद्द केली. भंगारात विकली. एक गलबत भरून मुंबईला निघालं, त्यातलं काही वाटेत समुद्रात पडलं म्हणतात. बाकीच्यांची भांडी झाली. माझ्या बायकोच्या पातेल्यातसुद्धा एखादं विमान असेल.

हरेश्वर : मंग आमटी उडत असंल.

दत्तात्रेय : अकरातलं एक माझं होतं. पाचशे चौऱ्याऐंशी. नोकरीला लागलो तेव्हाचं माझं पहिलं काम, त्याच्या शेपटावर नंबर रंगवायचं. विमानाचं इंजिन बदलतात, पंख बदलतात, नंबर तेवढा राहतो. शेवटी ओळख ती तेवढीच.

हरेश्वर : आमच्या होडीचं तसंच. बापाच्या टायमाची एक फळी ऱ्हायली न्हाय. तरी होडी बापाचीच.

दत्तात्रेय : माझ्या विमानाचा तुकडा कुठं उरला असेल तर तो हाच. नसेल तर शोध संपला, वही बंद.

चंद्राबाई : मंग किनाऱ्यावर बघा ना. सात होड्यांवर तोच नंबर हाय.

दत्तात्रेय : बघितलं. तेच तर. एका वाळूत सात विमानं उभी! कशासाठी?

चंद्राबाई : दार आलं त्या सालाला बोंबील इतका पडला, इतका पडला, का वाळत घालाया वलानीवर जागा पुरंना. मंग अंबाजी आला, नंबर द्या म्हनून. मंग येसाजी. मंग रंगूचा नवरा, तो तर मागच्या दारानं.

दत्तात्रेय : पण सातही होड्यांवर पाचशे चौसष्ट लिहिलंय. ते माझं नव्हे. ते दुसरं.

हरेश्वर : ते साळंच्या मास्तरांनी लिवलं. म्हनाले, चंद्राबाईंचा नंबर अशुद्ध हाय, मी सुधारून देतो.

दत्तात्रेय : आणि मास्तरांनी कशावरून उतरवला?

हरेश्वर : हिच्या दारावरनं.

दत्तात्रेय : मावशी, तुम्ही कशावरून काढता?

चंद्राबाई : कापडावरनं. पहिल्याच सालाला पत्र्यावर शिडाचं जुनं कापड लावलं, कोळशानं घासलं, आनि उमटलं तसं कातरलं. तेच लावते, वरनं बोळा फिरवते. मला वाचता येत न्हाय, म्हनून माझ्याकडनं चूक व्हत न्हाय.

हरेश्वर : ऐकलंत? साळंला गेलेले चुकतात.

दत्तात्रेय : ते कापड आहे?

चंद्राबाई : हाय की. धरा हे टोक. हे बघा. ही शिडी. ही राहुटी. हा गळ. हे एकावर एक दोन लाडू. आनि हे शीड.

दत्तात्रेय : एच. ए. पाच... मावशी, या लाडवांच्या मधली भोकं कुठं आहेत?

चंद्राबाई : कातरताना गळून पडली. मधला तुकडा कशाला धरून ऱ्हानार?

दत्तात्रेय : म्हणजे हा आठ असेल, नाहीतर सहा. मास्तरांनी सहा धरला.

हरेश्वर : वरचा लाडू जरा उपाशी वाटतो खरा.

दत्तात्रेय : चौसष्ट की चौऱ्याऐंशी. झालं. सहा वर्षं शोधून शेवटी दोन लाडवांत अडकलो.

चंद्राबाई : तोंड पाडू नका. च्या टाकते.

दत्तात्रेय : नको मावशी... थांबा. कापड सरळ धरलंय ना तुम्ही?

चंद्राबाई : सरळच हाय.

दत्तात्रेय : मग हा शेवटचा चार असा पडल्यासारखा का?

चंद्राबाई : शीड हाय ते. वाऱ्यात शीड कलनारच. मास्तर बी तेच म्हनाले, वाकडं हाय, सरळ करा. मी म्हटलं, ज्यानं काढलं त्याला विचारल्याबिगर मी सरळ करायची न्हाय.

दत्तात्रेय : (कललेल्या चारावरून बोट फिरवत खाली बसतो.)

हरेश्वर : काय झालं, पाव्हणं? खाली बसलात?

दत्तात्रेय : अकरा विमानांत एकाचाच चार कललेला होता. डुगडुगत्या शिडीवर उभा होतो, एकोणीस वर्षांचं वय. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे विमान उडायच्या आधीच पडतंय का? तीन दिवस मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. सरळ करायला मात्र कुणाला सवड झाली नाही. आठ वर्षं उडालं ते तसंच.

हरेश्वर : म्हंजे तुमची चूक आमच्या बायकोनं सहा सालं सांभाळली. माझी एक न्हाय सांभाळत.

चंद्राबाई : तुमच्या ठेवायला वखार लागंल. भाऊ, रंग वाळला बघा. हा घ्या ब्रश. तुमचं हाय, तुमी काढा. आता सरळ काढलात तरी माझं काय म्हननं न्हाय.

दत्तात्रेय : कापड राहू द्या बाजूला.

हरेश्वर : बिगर कापडाचं? जमंल?

दत्तात्रेय : शिडी... राहुटी... गळ... लाडू. भोकांसकट. पुढच्या साली होड्या रंगवताना मास्तरांना दाखवा.

चंद्राबाई : आनि शीड.

दत्तात्रेय : आणि शीड.

हरेश्वर : अहो, पाव्हणं! पुन्हा कललं की!

दत्तात्रेय : कलू दे, काका. वारा आहे.