गुडब्रांडचा फ्योर्ड

बर्गेनच्या समुद्र-संशोधन संस्थेत, कॉफीच्या रांगेत, योरुनच्या पुढे तुवा आणि गुडब्रांड तावातावाने बोलत होते. योरुनच्या कानावर सगळं पडत होतं.

“फुकटचं सॉफ्टवेअर ना, असंच असणार! नकाशात फ्योर्डच्या खाडीतलं पाणी उणे दोनशे अंश!” गुडब्रांड वैतागला.

“तापमान मोजणारं यंत्र आठवडाभर बंद होतं, तेव्हा फाइलीत काय भरलंस?”

“नेहमीचंच. उणे नऊशे नव्व्याण्णव. म्हणजे नोंद नाही.”

“ते गाळायला सांगितलंस?”

“...नाही.”

“मग सरासरीत तेही गेलं, शहाण्या! आणि सॉफ्टवेअरच्या पानावर तक्रार टाकून बनवणारीला जगासमोर गाढव म्हणालास!”

“ती तक्रार पुसून टाक ना!”

“तिथे सगळं उघड्यावर असतं. तिने उत्तर दिलंय. असा आकडा दिसला की सॉफ्टवेअर आता आधी विचारेल.”

“चला, सुटलो!”

“अशा चुकीचा नमुना म्हणून तिने तुझीच फाइल जोडलीय. नाव दिलंय, ‘गुडब्रांडचा फ्योर्ड’.”