न विचारता भरलेला रकाना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या दवाखान्याचे विश्वस्त माननीय दत्तोबा कल्याणकर, व्यासपीठावर विराजमान आमचे डॉक्टर कुलदीप पांचाळ, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या इन्चार्ज सिस्टर आदरणीय रंजनाताई सोनकांबळे, त्यांच्या घरची मंडळी, माझ्या सहकारी भगिनी, आणि हिमायतनगरहून, सुलतान बाजारातून ट्रॅफिकशी झुंजत वेळेवर पोचलेल्या व न पोचलेल्या बंधु-भगिनींनो, सर्वांना माझा सविनय जयभीम आणि नमस्कार.

मी दीक्षा गजभारे, या दवाखान्यात अकरा वर्षं स्टाफ नर्स आहे. उद्यापासून ताईंच्या खुर्चीवर मी बसणार, हे अध्यक्षांनी आत्ताच जाहीर केलं. ओघात ते असंही म्हणाले, की ताईंच्या हाताखाली तयार झालेल्या नर्सच्या हातून चूक होत नाही. दत्तोबाकाका, तुमचा मान राखून सांगते, हे खरं नाही. माझ्या हातून झाली आहे, आणि तीच मी आज सांगणार आहे. ताईंचं मोठेपण सांगायला माझ्याजवळ याहून चांगला पुरावा नाही. जिच्या बाबतीत चूक झाली ती माझी मावशी समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेतलेली आहे, काळजी नसावी.

आमच्याकडे रोज बायका येतात, 'रक्त कमी आहे' म्हणतात. नवी नर्स पापणी खाली ओढून बघते, तळहात बघते, बोटाला सुई टोचते आणि आकडा लिहून मोकळी होते. मीही होत होते. ताई मागून यायच्या आणि विचारायच्या, "कमी आहे ते कळलं. का कमी आहे?" मग पाळी किती दिवस चालते, जंताचं औषध कधी घेतलं, घरात कुणाला थॅलेसेमिया आहे का, एकेक प्रश्न. एका गरोदर मुलीला त्यांनी एकदम तेलुगूत विचारलं, "बलपं तिंटावा?" म्हणजे पाटीवरची पेन्सिल खातेस का? मुलगी लाजली आणि तिने ओढणीच्या गाठीतून दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. लोह कमी झालं की अशी ओढ लागते. एका ऑटोवाल्या भाईंचं रक्त तीन महिने गोळ्या खाऊन चढेना. ताईंनी विचारलं तर म्हणाले, "गोली तो मैं चाय के संगच लेतूं, सिस्टर." ताई म्हणाल्या, "चाय नक्को, निंबू पानी के साथ लेव." चहा लोह अंगी लागू देत नाही. पुढच्या महिन्यात आकडा हलला. आपल्या हैदराबादेत चहा सोडायला सांगणं म्हणजे काय धाडस आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी माझी मालनमावशी दवाखान्यात आली. सुलतान बाजारातल्या दुकानांचे ब्लाउज ती घरी शिवते. पायाच्या मशीनवर तिचं सगळं घर उभं राहिलं. दम लागतो, थकवा येतो म्हणाली. बोटाला टोचलं, हिमोग्लोबिन आठ. मी फॉर्म भरायला घेतला. त्यात 'आहार' असा एक रकाना आहे. परक्या बाईला मी तो प्रश्न विचारला असता. मावशीला काय विचारायचं? तिच्या हातचं रविवारचं मटण खाऊन मी मोठी झाले. मी लिहून टाकलं, मिश्र आहार. सविस्तर रक्ततपासणी पुढच्या खेपेवर ढकलली, घरचीच तर होती. डॉक्टरांनी माझ्या फॉर्मवर भरवसा ठेवून लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या लिहिल्या.

दोन महिन्यांत आकडा साडेनऊवर गेला. मी सगळ्या स्टाफला मिरवून दाखवलं. त्याच दिवशी मावशी दारातून आत आली, तिची डाव्या पायाची चप्पल उंबऱ्याशीच राहिली, आणि ती तशीच चार पावलं चालत आली. मी हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी कोरा फॉर्म काढला आणि मावशीला समोर बसवलं.

मला राग आला. मी म्हटलं, "ताई, माझी सख्खी मावशी आहे. मला सगळं माहीत आहे."

"म्हणूनच तू विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या. "बस इथे. ऐक."

मग त्यांनी विचारलं, "मालनबाई, मटण, मच्छी, अंडी काय खाता?"

"सात वर्षं झाली बाई सोडून. विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आले तेव्हापासून. दूध तर मला पहिल्यापासून सोसत नाही."

सात वर्षं. दर रविवारी ती आम्हाला वाढत होती, आणि तिच्या ताटात काय आहे हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"पायाला मुंग्या येतात?"

"यायच्या. आता काहीच कळत नाही. पायडलवर पाय आहे का नाही, ते वाकून बघावं लागतं."

ताईंनी जीभ पाहिली, लाल आणि गुळगुळीत. तपासणीत रक्तपेशी आकाराने मोठ्या निघाल्या, मटण, अंडी, दुधातून मिळणारं बी-बारा जीवनसत्त्व अगदी तळाला. फॉलिक ॲसिडने रक्ताचा आकडा वर चढवला होता, आणि त्याच्या आड पायाच्या नसा खराब होत होत्या. आणखी काही महिने मी तशीच खुश राहिले असते तर मावशी कायमची खुर्चीला खिळली असती.

डॉक्टरांनी बी-बाराची इंजेक्शनं लिहिली. आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. ताईंनी माझी जुनी नोंद माझ्याच हाताने खोडायला लावली, खाली सही आणि तारीख टाकायला लावली, आणि सगळं डॉक्टरांच्या कानावर घातलं. माझी बाजू सावरली नाही. पण इंजेक्शनं मलाच द्यायला लावली, आणि प्रत्येक वेळी मावशीचे डोळे मिटायला लावून, पायाच्या बोटाला हात लावून विचारायला लावलं, कळतंय का? आठ महिन्यांनी उजवा पाय पूर्ण जागा झाला. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. मावशीने मशीनला मोटर बसवून घेतली आहे, आणि मला त्या दोन बोटांचं आजही फार वाईट वाटतं.

एकदा सुई देताना मी तिला विचारलं, मुंग्या येत होत्या तेव्हा बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तू एवढ्या मायेनं गोळ्या आणून द्यायचीस, बाळा. गुण येत नाही असं कसं म्हणू? तुला वाईट वाटलं असतं."

ताई, त्या दिवसापासून मी एकही रकाना न विचारता भरलेला नाही. तुमची खुर्ची मला पेलेल, हे मी भीत भीत नाही, खात्रीने सांगते. तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो. अध्यक्षांचे, डॉक्टरांचे आणि एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर तेवढं पोटात घाला.

माझ्या कामात मात्र काही चुकलं, तर कृपा करून पोटात घालू नका. माझ्या मावशीने दोन महिने घातलं होतं. मला वाईट वाटलं तरी चालेल, तुम्ही सांगा.