एकसष्ट सेकंदांची फुली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे सचिव आदरणीय विठ्ठलराव, व्यासपीठावरचे मान्यवर, एकतीस वर्षं या विद्यालयाची प्रयोगशाळा सांभाळून आज सेवानिवृत्त होणारे परिचर आश्रुबा, त्यांच्या शेजारी पदराचं टोक चाळवीत बसलेल्या भिमाबाई वहिनी, गुरुजनहो, आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बाळांनो,

मला दोन गोड शब्द बोलायला सांगितलंय. मराठीचा निवृत्त मास्तर, कविता म्हणणारा म्हातारा. गोडच बोलणार, असा सूत्रसंचालकांचा समज. भाषण तसं लिहूनही आणलं होतं. प्रयोगशाळेच्या खिडकीतली बदामाची सावली, स्पिरिटच्या दिव्याची निळी ज्योत, मी शेजारच्या वर्गात कविता शिकवताना भिंतीपलीकडून येणारी काचेची किणकिण... फार सुरेख जमलं होतं. ते खिशातच राहू द्या. मला राग आलाय.

बारावीत यशोधरा नावाची मुलगी आहे. शिरूर कासारकडच्या वस्तीवरून एसटीनं पाटोद्याला येते. तिच्या प्रयोगवहीवर सही झालेली नाही. सही नाही म्हणजे सोमवारच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही. अपराध काय तिचा? तिनं जे पाहिलं ते लिहिलं!

प्रयोग साधा आहे. कागदावर पेनानं फुली काढायची, तिच्यावर काचेचं भांडं ठेवायचं. भांड्यात हायपो नावाच्या क्षाराचं द्रावण, त्यात आम्ल ओतायचं. पाणी हळूहळू दुधी होतं, फुली दिसेनाशी होते. किती सेकंदांत, ते लिहायचं. मग हायपो कमी, पाणी जास्त, पुन्हा मोजायचं. द्रावण जितकं पातळ, तितका उशीर.

आपल्याकडे मात्र आकडे आधीच फळ्यावर लिहिलेले असतात. पहिला आकडा चोवीस. वर्गात चौसष्ट मुलं. त्रेसष्ट वह्यांत चोवीस. डोळ्यांच्या त्रेसष्ट जोड्यांना फुली एकाच क्षणी दिसेनाशी झाली? आणि चौसष्टाव्या वहीत एकसष्ट.

रसायनशास्त्राचे सतीशसर तिला म्हणाले, "लई शहाणी झालीस का? फळा दिसत न्हाई?"

ती म्हणाली, "फळा दिसतो सर. पण चोवीसला फुलीबी चांगली दिसत होती."

बाळांनो, हसू नका. मी इतकी वर्षं शिकवलं, इतकं शुद्ध मराठी वाक्य माझ्या एकाही विद्यार्थ्यानं लिहिलं नाही.

कसं लिहिणार? निबंध मीच फळ्यावर लिहून देत होतो. 'माझी आई' या विषयावर साठ मुलांची आई एकच! पहाटे उठणारी, जात्यावर ओव्या गाणारी. एका पोरानं लिहिलं, माझी आई पहाटे झोपलेली असते, कारण ती दवाखान्यात रात्रपाळी करते. त्याचा निबंध मी लाल शाईनं खोडला होता. तेव्हा सतीशसर, हा रोग तुमच्याआधी माझ्या तासाला होता.

आज सकाळी सत्काराचा हार आणायला निघालो, तर आश्रुबांनी मला हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं. म्हणाले, "गुर्जी, पोरीचं बरुबर हाय. चार वर्सं झाली, हायपोचा डबा एकच. लिटरभर पान्यात चाळीस ग्रॅमच्या जागी मी सोळाच टाकितो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. तीन अर्ज दिले. 'पुरवून वापर' म्हनले. मंग पुरीवलं."

पोरीचा खोळंबा होत असताना हा माणूस महिनाभर गप्प होता. आश्रुबा, हार गळ्यात असताना ऐका: तुमचाही मला राग आला. आज नोकरी संपली तेव्हा तुम्हाला वाचा फुटली. आणि विठ्ठलराव, 'पुरवून वापर' हे शब्द कुणाचे, ते आपल्याला मी कशाला सांगू?

आम्ही दोघांनी डब्याचा तळ खरवडला. चार ग्रॅम निघालं. शंभर मिलिलीटर पाण्यात पुऱ्या ताकदीचं द्रावण केलं. घड्याळ नव्हतं, मी चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हणू लागलो. माझं एक कडवं पंधरा सेकंदांचं, कधी चुकत नाही. दुसरं कडवं अर्धं झालं आणि फुली गेली. मग बाटलीतलं नेहमीचं पातळ द्रावण घेतलं. चार कडवी पुरी झाली, तेव्हा कुठं गेली.

चार पंधरे किती, बाळांनो?

तिच्या वहीतले पुढचे आकडे पाहा. शहात्तर, एकशेदोन, एकशेत्रेपन्न. एक भागिले वेळ, असा तिचा आलेख पाहा, रेघ कशी सरळ! शाळेनं फसवलेल्या द्रावणातूनही नियम तिनं बरोबर काढला. या विद्यालयात चार वर्षांत हा प्रयोग एकाच मुलीनं केला. बाकीच्यांनी शुद्धलेखन केलं.

सतीशसर, आपण उठलात. बाहेर नका जाऊ, इकडे या. वही माझ्या पिशवीत आहे, ही घ्या. पेन नाही? आश्रुबांना संस्थेनं आत्ताच भेट दिलंय. आश्रुबा, द्या. तुम्हीच द्या.

अध्यक्ष महाराज, आपण मला बोलावलंत, उपकार आहेत. आश्रुबा आणि वहिनींना निरोगी आयुष्य लाभो. म्हाताऱ्याच्या तोंडून उणंअधिक गेलं असेल तर पदरात घ्या. त्या एकसष्टाबद्दल मात्र मी माफी मागणार नाही, आणि सही होईपर्यंत माइकही सोडणार नाही.

कविता मला पुष्कळ पाठ आहेत.