नकलेला बंदी

वडसा गावातल्या कॅसेटच्या दुकानात माझ्या पुढे एक म्हातारी बाई होती.

"खुशालभाऊ, फीत घासून राह्यली. दुसरी भरून दे."

"बाई, वर छापलं हाय, नक्कल कराले बंदी."

"आवाज माह्या भावाचा हाय. नाटकात गायचा. मेला तो."

"हक्क कंपनीचा. त्यानं सही केली असन."

"अंगठा लावला. वाचता येत नोतं त्याले."

"माहं दुकान बंद करतीन, बाई."

"मंग भरू नको. फक्त लावून दे. घरी मशीन नाई. मी पाठ करून त्याच्या पोरीले शिकवीन. पाठ कराले बंदी लिहिली हाय का?"

खुशालने वेष्टन पुन्हा वाचले. मग फीत लावली. प्रत्येक कडवे संपले की, तिने न सांगता, तो फीत मागे घेत राहिला.