बद्द वाजलेलं चाक

दौंड स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं पाठीला गिटार लावलेला एक तरुण होता. त्याच्यापुढं पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे. त्यांच्या कानाला त्यानं स्वतःचा वॉकमन लावला होता.

"ऐका मामा! आमच्या बँडची कॅसेट हाय. दुकानात न्हाई मिळत, आमीच कॉपी करून वाटतो."

"ह्यात गाणं कुठं हाय? नुसतं ठण् ठण् चाललंय."

"तेच तर गाणं! गेल्या वर्षी हितंच फलाटावर रेकॉर्ड केलं. गाडी थांबली की एक जण हातोडीनं चाकं वाजवत चालला व्हता. घरी गेलो आन् ड्रमच विकून टाकला!"

"दोन ठोके, मग दम. आरं, हात माझाच हाय ह्यो! तीस वर्सं चाकं वाजवली मी. औंदा रिटायर झालो."

"काय सांगता! म्हंजी आमचे ड्रमर तुमीच!"

"गप, ऐकू दे. हितं! ह्यो ठोका बद्द आला."

"तोच तर जीव हाय, मामा! तेवढाच तुकडा परत परत फिरवलाय. आख्खं गाणं त्याच्यावर उभं हाय."

"तडा गेलेलं चाक हाय ते! बद्द वाजलं तवाच मी गाडी रोखली, डबा गाडीपासनं सोडवून यार्डात लावला."

"लोकं नाचत्यात त्याच्यावर!"

"मंग मी थांबवलेला डबा तू वर्सभर पळवतोयस व्हय रं?"